माणिककाकांचा शक

अंबरपेठेतल्या न्हाव्याकडे केस कापून झाले की माणिककाका खुर्चीभोवती सांडलेले आपले केस स्वतः झाडून गोळा करतात आणि कागदी पिशवीत घालून घरी आणतात. न्हाव्याने पहिल्यांदा कारण विचारलं, तेव्हा काकांनी त्यालाच विचारलं की बाकीच्यांचे केस तू कुठे टाकतोस आणि तिथून ते पुढे कुठे जातात. कचऱ्याची गाडी नेते, पुढचं काय माहीत, असं तो म्हणाला. "बघ," काका म्हणाले, "इथंच शक येतो."

शक हा काकांचा लाडका शब्द. घराणं परभणीकडचं, शेतकऱ्याचं. आजोबांच्या काळात इकडे शहरात आलेलं. काका वीजखात्यातून निवृत्त झाले. बरकतपुऱ्यात आमच्या समोरच्या दारात ते आणि शांताकाकू दोघंच राहतात. करोनाची लस घ्यायला गेले तेव्हा त्यांनी सुईचं पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावलं. टोचून झाल्यावर वापरलेली सुई परत मागितली. नर्सबाई देईनात, म्हणून ती सुई यंत्रात कापली जाईपर्यंत काका तिथून हलले नाहीत. मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती.

त्यांना सगळ्यांत जास्त शक माझा. मी आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णांचं रक्त येतं, त्यातला डीएनए वेगळा काढून आम्ही गोठवून ठेवतो. काकांच्या मते आम्ही माणसांचा अर्क काढून परदेशात पाठवतो. संध्याकाळी जिन्यात भेटले की मला जेवणाचा डबा उघडून दाखवावा लागे, आत कुणाचं रक्त तर नाही ना म्हणून. एकदा मी खीर नेऊन दिली, तर आधी मला खायला लावली. मी खाल्ली. मग म्हणाले, अजून थोडी खा. शेवटी वाटीत चमचाभरच राहिलेली खीर बघून त्यांनाच वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे माझ्या भाचीचं बारसं झालं. बाळ सगळ्या बायकांच्या मांड्यांवरून फिरत शांताकाकूंपाशी आलं, तेव्हा त्यांनी हात मागे घेतले. "माझ्याकडे नको," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या रक्तात दोष आहे." विषय तिथेच दुसरीकडे वळला, पण दारात उभ्या असलेल्या काकांनी ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. आधी दार लावायला सांगितलं, मग पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. तो आमच्याच प्रयोगशाळेचा जुना संमतिपत्राचा फॉर्म होता. वर नाव होतं मंजू, त्यांची मुलगी. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही इथे राहायला आलो, म्हणून मला एवढंच माहीत होतं की अशी कुणी होती. काकांनी सांगितलं, आठव्या वर्षापासून ती चालता चालता पडायला लागली. हळूहळू सगळे स्नायू दुबळे होत गेले. तेव्हा प्रयोगशाळेतून एक डॉक्टर येऊन मंजूचं आणि काकूंचं रक्त घेऊन गेले. काकांनी मात्र दिलं नाही. पंधराव्या वर्षी मंजू गेली.

"ते रक्त ठेवलंय का, बेटा? की फेकलं?"

मी आमच्या मुख्य मॅडमना विचारलं. त्यांनी रजिस्टर काढायला लावलं, आणि नंबर सापडला. काका प्रयोगशाळेत आले. मी फ्रीजर उघडून मंजूच्या डीएनएची करंगळीच्या पेराएवढी नळी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून नळी निरखली. नाव कुठंय, असं विचारलं. नाव लिहीत नाहीत, नंबरच असतो, असं मी सांगितलं. मला वाटलं, आता त्यांना शक येणार. पण त्यांनी विचारलं, करंट गेला तर? जनरेटर आहे म्हटलं, तर तो बघायला खाली आले. डिझेल किती आहे ते बघितलं, वायरी तपासल्या आणि एक जोड ढिला आहे म्हणून तिथल्या माणसाला सुनावलं.

मग मॅडमच्या खोलीत बसलो. मॅडम म्हणाल्या, हा आजार आईबाप दोघांकडून दोष आला तरच होतो. काकूंकडचा सापडला होता, वडिलांचं रक्त नसल्यामुळे पुढचं तपासायचं राहिलं.

"मला तेव्हाच सांगितलं होतं दोघांचं असतं म्हणून," काका म्हणाले. "हिच्यात निघालं एवढंच मी घरी बोललो. माझ्यातलं बघूच दिलं नाही. ती इतकी वर्षं समजते की पोर तिच्यामुळं गेली." मग त्यांनी बाही वर केली. त्यांचं रक्त मीच काढलं.

काही आठवड्यांनी मॅडमनी दोघांना बोलावलं. कागदावर चित्र काढून समजावलं: निम्मा दोष काकूंचा, निम्मा काकांचा, आणि तो असणं हा कुणाचाच गुन्हा नाही. काकूंनी दोनदा विचारलं, ह्यांचाही? मॅडमनी दोनदा हो म्हटलं. काका खाली बघत होते.

परतीच्या रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. काचीगुड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मागून काकूंचा आवाज आला. "का नाही सांगितलं?"

"वाटलं, तू माहेरी निघून जाशील."

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर काकांनी विचारलं, "रागावलीस?"

"हौ," काकू म्हणाल्या. "लय रागावलेय. चला घरी."