परबांच्या खिडकीतला निळा उजेड

गुणाजी परब बोनस खिशात घालून टीव्ही आणायला गेला आणि काचेची रिकामी पेटी घेऊन कांदिवलीला परत आला.

सुलक्षणाने पेटीच्या मागे बघितलं, खाली बघितलं. "टीव्ही कुठाय?"

"अगं, टीव्हीच्या दुकानाशेजारीच माशांचं दुकान होतं. तिथे खाऱ्या पाण्याची टाकी बघितली मी. आत दगड, दगडावर फुलं, आणि ती फुलं हलतायत गं, जिवंत! बघतच राहिलो. मग टीव्हीचं राहूनच गेलं."

"राहून गेलं?" सुलक्षणा म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली.

कारण टीव्ही ही तिच्या मानाची गोष्ट होती. सगळ्या चाळीत टीव्ही एकच, वरच्या मजल्यावरच्या कमलताईंकडे. रविवारी सिनेमा बघायला सगळे तिकडे जायचे, आणि कमलताई ऐन रंगात आलेला सिनेमा "माझं डोकं दुखतंय" म्हणून फाटकन बंद करायच्या. अशाच एका रविवारी सुलक्षणा उठून आली होती ती शपथ घेऊनच, आता बघेन तर आपल्या घरी.

गुणाजीला मात्र समुद्राने झपाटलं होतं. चुलतभाऊ लवू मालवणहून एसटीच्या टपावर समुद्राच्या पाण्याचे कॅन घालून आला, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला खडपाचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाचा, एक तुकडा. जिवंत दगड म्हणतात त्याला. आहे की नाही नवल? नावाला दगड, पण त्याच्या भोकाभोकांत कुणी ना कुणी बिऱ्हाड करून राहिलेलं असतं.

गुणाजीच्या आईने तो उलटापालटा करून बघितला. "रे गुणा, ह्याका कालवां आसत! पाण्यात कित्याक बुडवतंस? कोयती दी, झकास आमटी करतंय."

"आये, हात लावायचा नाय! ती राहायला आलीत."

टाकीवर ट्यूब हवी होती. गुणाजीने ट्यूब बसवली आणि गणपतीच्या आराशीतला निळा जिलेटीनचा कागद तिला गुंडाळला. पंप सुरू झाला, पाणी हललं आणि भिंतभर निळा उजेड नाचायला लागला. दगड तेवढा ढिम्म. गुणाजी रोज संध्याकाळी काचेला नाक लावून बसे. आतलं कुणी बाहेर येईना.

टीव्हीच्या जागी दगड आणलाय हे चार लोकांना दिसू नये म्हणून सुलक्षणाने खिडकीला जाड पडदा लावला, आणि तिथेच वाट लागली. पडद्याआडून निळा उजेड लुकलुकताना बघून समोरच्या गॅलरीत एकच चर्चा. दुसऱ्या दिवशी नळावर समोरची प्रेमा म्हणाली, "टीव्ही घेतलात म्हणे? बोलली नाहीस ती?"

सुलक्षणा खरं सांगणारच होती. पण शेजारी हंडा भरत असलेल्या कमलताई म्हणाल्या, "बरं झालं बाई. आमच्याकडची फुकटी गर्दी कमी होईल."

झालं! सुलक्षणाच्या तोंडून निघून गेलं, "हो, घेतलाय ना. या रविवारी सगळे."

घरी आल्यावर तिने डोक्याला हात लावला. "आता काय करू हो? अख्खी चाळ येणार!"

"खरं सांगून टाक."

"त्या कमलताईंसमोर? मेले तरी नाही. आणि ऐका, रविवारी माझं हसं झालं ना, तर सोमवारी हा दगड आईंच्या कोयतीखाली."

सासूबाईंनी खुशीत मान हलवली. गुणाजीचा जीव मात्र दगडात अडकला होता, तो अर्धा झाला.

रविवारी सिनेमाच्या वेळेला माणसं आली. चटया आल्या, पोरं आली, प्रेमा तर भाजलेले शेंगदाणे घेऊन आली. खोली गच्च भरली, उरलेले गॅलरीत दाटले. कमलताई तेवढ्या आल्या नव्हत्या. सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. गुणाजीने देवाचं नाव घेतलं आणि टाकीवरची चादर काढली.

निळं पाणी आणि मधोमध दगड.

"हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आहे का?" कुणीतरी विचारलं.

"काहीच दिसत नाहीये," प्रेमा म्हणाली.

गॅलरीत सगळ्यांत मागे दादू उभा होता. त्याला आतलं इंचभरही दिसत नव्हतं, पण एवढं वाक्य ऐकू आलं. अँटेना फिरवण्यात दादूचा हात धरणारा कांदिवलीत कुणी नव्हता. "थांबा रे, मी बघतो," म्हणत तो गच्चीवर पळाला. गच्चीवर अँटेना एकच. दादूने तो धरला आणि गरकन फिरवला. "आलं काय?"

आणि खरंच, दगडाच्या एका भोकातून काहीतरी बाहेर आलं! आधी बारीक टोक, मग ते हळूहळू उलगडत गेलं आणि त्याचा नाजूक तुरा झाला, पांढरा, त्यावर तांबड्या रेघा. शेजारी दुसरा उलगडला. खालून नखाएवढा खेकडा डोळे बाहेर काढून चालत आला. चिखलाचा गोळा वाटत होता तो फुलला आणि त्याच्या शंभर पाकळ्या पाण्यात डुलायला लागल्या.

"आलं! आलं!" पोरं ओरडली. दादूने अँटेना तिथेच करकचून बांधून टाकला.

शेंगदाणे हातातच राहिले. सगळ्यांत पुढे सरकली ती गुणाजीची आई. तिचा हात गालावर गेला.

"अरे माज्या रवळनाथा," ती हळूच म्हणाली. "जल्मभर मी सुकतीक ह्या खडपार पाय दिवन कालवां काढलंय. भरती इली काय घराक. पाण्याखाली हो असो फुलता, ता माका आज कळला!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "आमचा अँटेना कुणी फिरवला? तिकडे पडद्यावर नुसत्या मुंग्या!" म्हणत कमलताई गर्दीतून वाट काढत आत घुसल्या. सुलक्षणाने डोळे मिटून घेतले. आता हसणार, आता चाळभर होणार.

कमलताईंनी टाकीकडे बघितलं. अँटेनाचं राहूनच गेलं. त्यांनी प्रेमाला जरा सरकायची खूण केली आणि चटईच्या कोपऱ्यावर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सुलक्षणा, हे कधी बंद करता गं तुम्ही?"

"आमच्याकडे मधेच बंद करत नाहीत," सुलक्षणा म्हणाली.

माणसं जेवायची वेळ टळून गेल्यावर कशीबशी उठली. गुणाजी बायकोशेजारी येऊन उकिडवा बसला. तिच्या मानाशी आपण खेळलो हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. "पुढच्या बोनसला टीव्ही नक्की हं. ही टाकी हलवू आपण. आईशप्पत."

सुलक्षणाने काचेवरची नजर काढली नाही.

"हळू बोला ना हो," ती कुजबुजली. "खेकडा आत पळेल."