कुटुंबास अयोग्य

वासुदेवरावांनी ते पुस्तक वाचनालयात बसूनच वाचलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पिपरी मेघ्यातल्या वाचनालयाचे चिटणीस बंडूजी यांनी 'कॅप्टन धडाका' नावाची चित्रकथा त्यांच्या हातात ठेवली. "हे कुटुंबाले चालते का नाई, तसा लेखी शेरा द्या. नुसती मारामारी हाये म्हनून लोकं तक्रार करून राह्यले." वासुदेवरावांची उभी नोकरी कचेरीत शेरे लिहिण्यात गेलेली. (त्यांच्या शेऱ्यावर कोणी काही केल्याचं मात्र आठवत नाही.) कुटुंबाला चालतं का, हे कुटुंबाला वाचून दाखवल्याशिवाय कसं कळणार? त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

कुटुंब म्हणजे बायको कोकिळा आणि हिंगणीहून चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाई, आनंदाबाई. त्या चार दिवसांना आता तिसरा आठवडा लागला होता. जावयाची आरामखुर्ची पहिल्या दिवशीच त्यांच्या ताब्यात गेली, ट्रान्झिस्टर दुसऱ्या दिवशी. रविवारच्या अकराच्या एस.टी.नं सासूबाई जाणार, एवढ्या एका आशेवर बिचारा जावई तग धरून होता.

शुक्रवारी संध्याकाळच्या चहाबरोबर वाचन सुरू झालं. आनंदाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून वासुदेवराव चित्रावर बोट ठेवून सांगत होते, "धाडकन. फाडकन. शत्रू पडला."

"असं मिळमिळीत काऊन सांगता, जवाईबुवा? जरा जोरानं हाना ना!"

वासुदेवरावांनी जोरानं हाणलं. चहाची किटली कोकिळेच्या नव्या चादरीवर आडवी झाली, पण कोणी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटच्या पानावर धडाका एका हातानं कड्याला लटकलेला, खाली मगरी, आणि कोपऱ्यात 'क्रमशः'.

"म्हंजे?" आनंदाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पुढचं पुढच्या भागात."

"मंग आना की तो!"

वासुदेवरावांनी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. शनिवारी सकाळी त्यांनी ठसठशीत अक्षरात शेरा दिला : 'अति मारामारी. कुटुंबास अयोग्य. पुढील भाग मागवू नयेत.' आणि काय सांगावं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या शेऱ्यावर जागच्या जागी अंमल झाला! बंडूजींनी पुढच्या भागांची मागणी त्यांच्यासमोर रद्द केली. छाती फुगवून ते घरी आले, तर उद्या निघायचं असूनही सासूबाईंची पिशवी अजून खुंटीलाच.

"मानूस कड्याले लटकून राह्यला, खाली मगरी आ करून राह्यल्या, अन् मी गावाले जाऊ? घास तरी उतरन काय मले?"

वासुदेवराव तसेच उलट पावली वाचनालयात धावले. बंडूजींनी हात जोडले. "शेरा तुमचाच ना, वासुदेवराव? आता तो भाग मी कुठून पैदा करू?"

मग रविवारी सकाळी, आंघोळ उरकून, पुढचा भाग त्यांनी स्वतःच रचायला घेतला. धडाका कड्यावर चढला. "मंग?" शत्रू धावून आले. "मंग?" त्यांना लोळवलं. "मंग?" आणखी आले. सासूबाईंचा 'मंग' काही संपेना आणि घड्याळात तर साडेदहा होऊन गेले.

"मंग काही नाही!" वासुदेवराव ओरडले. "पाय घसरला, मगरीच्या तोंडात पडला, मेला! संपलं!"

आनंदाबाईंचे डोळे भरून आले.

"पुस्तकात सत्तर लोकायनं मार खाल्ला, पन मेलं एकबी नाई," कोकिळा कडाडली. "तुमी तं घरात बसल्या बसल्या मुडदा पाडला! अन् म्हने पुस्तक अयोग्य!"

वासुदेवरावांनी तिच्याकडे काणाडोळा केला, घाईघाईनं पिशवी खुंटीवरून काढली आणि दारात जाऊन उभे राहिले. "चला आई, एस.टी. चुकेल."

आनंदाबाई शांतपणे उठल्या. जावयाच्या हातातली पिशवी घेतली, परत खुंटीला अडकवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"असं घरात सुतक टाकून कशी जाऊ, जवाईबुवा?" पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता पोराची तेरवी करूनच जाईन. अन् मारलं तुमी, तं तेरवीच्या पंगतीची बुंदीबी तुमीच आना."