रजिस्टरातल्या बारा बायका

"बारा बायका! एका आठवड्यात बारा!" सेक्रेटरी देवव्रतकाकांनी गेटवरचं रजिस्टर मीटिंगच्या टेबलावर आपटलं. "सगळ्या एकशेचारला. सगळ्या दुपारी चारला आत, साडेपाचला बाहेर. यावरून काय कळतं?"

कमिटीला लगेच कळलं. एकाला ब्युटी पार्लर कळलं, दुसऱ्याला खानावळ. कमिटीतल्या नानांना जे कळलं ते त्यांनी बायकांसमोर सांगितलं नाही.

अबोली दारात उभी होती. वय सतरा, शाळेला नववीतच रामराम, राग कायम नाकावर. एकशेचारमध्ये ती आणि तिची आई वनमाला भाड्याने राहायच्या. करार या महिन्यात संपत होता आणि सोसायटीची एनओसी मिळाल्याशिवाय मालक नवा करणार नव्हता.

"भाडेकरूने घरात धंदा केला की एनओसी नाही," काका म्हणाले. "महिनाअखेर खोली खाली करा."

वनमालाने हात जोडले. "साहेब, आमच्याकडे कोण्णी येत नाही हो..."

"आई, आधी हात खाली कर," अबोली फणकारली. "काका, चारला आमच्या घराला कुलूप असतं. आम्ही दोघी मरोळला पॅकिंगला जातो, सातला येतो. धाकूमामांना विचारा."

वॉचमन धाकूने मान हलवली. "कुलूप आसता खरा."

"मग या बायका जातात कुठे?"

"माका काय म्हायत? मी गेट बघतंय, जिनो नाय."

"लिहिलंय ते लिहिलंय!" काका गरजले. "शाळा सोडलेल्या पोरीने मला वाचायला शिकवू नये."

झालं. अबोलीने रजिस्टर खसकन ओढून घेतलं.

"तुम्ही एकशेचार दिसलं तेवढंच वाचलं. मी सगळं वाचते. बुधवारी एकही बाई आली नाही. गुरुवारीपण नाही. का?"

तिने बुधवारच्या पानावर बोट ठेवलं.

"बुधवारी पेस्ट कंट्रोलवाला आला. शेरा काय? 'तीनशेदोन बंद, परत गेला.' गुरुवारी कुरिअर. तेच. तीनशेदोन बंद. म्हणजे तीनशेदोनला कुलूप असलं की आमच्याकडे कोणी येत नाही, आणि आमच्या दाराला कुलूप असलं तरी बारा जणी येऊन दीड तास बसतात. हवेत बसतात काय? काढा अर्थ!"

कमिटीने अर्थ काढला. सगळ्या माना हळूहळू एकाच माणसाकडे वळल्या. तीनशेदोन म्हणजे देवव्रतकाकांचंच घर.

"शक्यच नाही," काका म्हणाले. "मी दिवसभर ऑफिसात असतो. बुधवार-गुरुवार शर्मिष्ठा माहेरी होती. बाकीचे दिवस घरी ती एकटीच..." आणि तिथेच त्यांची गाडी अडली.

मागच्या खुर्चीवरून शर्मिष्ठाकाकू उठल्या. "हो. रमी खेळतो आम्ही. तुम्ही रोज संध्याकाळी ते रजिस्टर पोथीसारखं वाचता, म्हणून मीच त्यांना एकशेचार लिहायला सांगितलं. वनमाला, नंबर तुझा वापरला हे चुकलं माझं. रमीचं काही चुकलं नाही."

"पत्ते? माझ्या घरात?"

"माझ्यापण."

नानांना नेमका तेव्हाच खोकला आला.

अबोलीने एनओसीचा कागद पुढे सरकवला. "काका, सही."

"उद्या बघू..."

"उद्या नाय. आत्ता. सगळे बसलेत ना, साक्षीला."

काकांनी सही केली. जिन्यात शर्मिष्ठाकाकूंनी अबोलीला गाठलं. "डोकं झकास चालतं गं तुझं. रविवारी चारला ये, एक भिडू कमी आहे. आता लपवायचंय कोणापासून? फक्त गेटवर नंबर खरा लिही हां."

"मी कशाला लिहू?" अबोली म्हणाली. "मी काय पाहुणी आहे?"