ड्रायव्हरसाहेबांचा हिरवा दिवा

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसून पायाने ब्रेक दाबत होते. समोर रस्ता नव्हता, बायको होती. ती उकळतं पातेलं घेऊन वळणावर, म्हणजे फ्रीजपाशी, आली होती.

"अगं, डावीकडून घे! येऊ दे, येऊ दे... बस्स!"

"हललात!" बायको ओरडली. "झालं ना पुन्हा लाल?"

लाल झाला होता मोबाईल. ड्रायव्हरसाहेबांच्या बोटाला एक चिमटा लावलेला होता. त्यातला दिवा बोटातलं रक्त कसं सरकतं ते बघून नाडीच्या ठोक्यांमधली अंतरं मोजायचा आणि मोबाईलच्या पडद्यावर रंग दाखवायचा. डेपोत एकदा चक्कर आल्यापासून त्यांची बस काढून घेतली होती. बाकीच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या आणि घोडं अडलं ते या चिमट्यापाशी. डॉक्टरबाईंनी त्यांच्याच भाषेत समजावलं होतं, "शरीरात आपल्याला न विचारता दोन यंत्रणा चालतात. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. दोन्हींचा मेळ बसला की हिरवं. मग बस तुमची."

बसशिवाय ड्रायव्हरसाहेबांचा जीव कासावीस होत होता. ती परत मिळावी म्हणून बायकोने कंबर कसली. टीव्ही बंद, फोनवर बोलणं बंद, आणि घटकेघटकेला कानाशी येऊन, "शांत व्हा. झालात का?" या शांततेने बिचारे घायकुतीला आले. मग वेळ जावा म्हणून ते तिला भाजी कशी चिरावी ते सांगत बसत.

शेवटची तपासणी दवाखान्यात होती. बायको पाठीशी उभी राहिली.

"श्वास सोडा. अहो, सगळा नाही!"

पडदा लालभडक झाला. गेली बस, असं वाटून ड्रायव्हरसाहेबांना अगदी रडू फुटायचं बाकी राहिलं.

"वहिनी, जरा बाहेर थांबता?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

दार लागलं आणि पडदा हळूहळू हिरवा झाला. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा हिरवाच.

बायको आत आली. "एवढं काय अवघड आहे त्यात? आता माझं बघा," म्हणत तिने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला.

"तो अंगठा झाला. शेजारचं बोट घाल. सरळ धर. दाबू नकोस... अगं, हळू!"

पडदा नवऱ्याच्या वेळेपेक्षाही लाल! ड्रायव्हरसाहेब चपापले. इतके दिवस ते आपल्याच बोटाकडे बघत होते. हिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"डॉक्टर, हिला काय झालंय हो?"

"सांगते. तुम्ही जरा बाहेर थांबता?"

ते बाहेर गेले आणि आत हिरवं झालं.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. "उद्यापासून ड्यूटीवर जायचं."

"म्हणजे मी फिट!" ड्रायव्हरसाहेब खुर्चीतून उठलेच.

"तुम्ही फिट होताच. हे औषध वहिनींना दिलंय."

ड्रायव्हरसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती मात्र गंभीरपणे पुढे सरकून बसली.

"डॉक्टर, मग यांच्या सुट्टीच्या दिवशी काय घ्यायचं?"