शिंपिणीचा टाका आणि उसवलेला चषक

एका जंगलात, बाळांनो, आधी नुसती झाडं होती. पुढं त्यांतल्या एका झाडाखाली नोंदणी कचेरी उगवली. घाई नका करू, सांगतो सगळं.

त्या जंगलात एक शिंपीण राहायची. एवढासा पक्षी, पान दुमडून चोचीनं शिवायचा, आत कापूस घालायचा, की झालं घरटं. तिच्या आईनं असंच शिवलं, आजीनंही.

एक दिवस माकडानं कचेरीत जाऊन तो टाका स्वतःच्या नावावर केला.

"यापुढं माझ्या परवानगीशिवाय पान शिवायचं नाही," ते म्हणालं.

"अरे मेल्या, तुला शिवता तरी येतं का?"

"मला कशाला यायला हवं? टाका माझा आहे ना!"

शिंपिणीचे दिवस भरत आले होते. अंडी आज ना उद्या यायची, आणि ठेवायला घर नाही.

अशात तिच्या कानावर आलं, की उंबराखाली न्यायालय भरलंय आणि खटला टाक्याचाच आहे. चोचीत कापूस होता, तो तसाच घेऊन ती धावली.

ते लुटुपुटूचं न्यायालय होतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. भातुकलीत बोळकी खरी आणि भात खोटा असतो ना, तसंच. देशोदेशीच्या जंगलांतली वकिली शिकणारी पिलं वाद घालायला आली होती. पंच म्हणून बर्फातला पेंग्विन आणला होता. त्याला काळा डगला वेगळा चढवावा लागला नाही.

त्या पिलांतली एक साळुंकी उठली. "महाराज, बाळंतिणीचं घर कचेरीच्या शिक्क्यानं उसवायचं का?"

पेंग्विननं डोळे पुसले.

"जिंकले गं बाई!" शिंपीण शेजारच्या कासवाला म्हणाली.

"जेवून घे," कासव म्हणालं. "दुपारी तीच उलटं बोलेल."

आणि बोलली! "महाराज, आजीनं शिवलं म्हणून टाका हिचा? मग रोज हलवतो म्हणून पान वाऱ्याचं!"

टाळ्याच टाळ्या.

"पोरी, सकाळी माझ्या बाजूची होतीस ना गं?" शिंपिणीनं तिला गाठून विचारलं.

"मावशी, रागावू नका. इथं दोन्ही बाजूंनी बोलावंच लागतं. दुपारी जरा जास्त रंगलं, इतकंच."

शिंपीण पंचांपुढं गेली. "महाराज, मग टाका कुणाचा?"

"बाई, आम्ही बोलण्याला गुण देतो," पेंग्विन म्हणाला. "टाका कुणाचा, हे आम्हाला विचारलेलंच नाही."

पहिला नंबर साळुंकीचा आला. चषक माकडानं दिला होता, सागाच्या पानांचा. कुणाला परवानगीच न दिल्यामुळं तो त्याला स्वतःच शिवावा लागला होता. साळुंकीनं उचलला आणि फोटोच्या वेळीच तो उसवला.

"ए शिंपिणी, शीव पटकन!" माकड ओरडलं.

"परवानगी?"

"दिली, दिली!"

तिनं शिवला. आत कापूस घातला. मग स्वतःही आत शिरली, ती बाहेर येईना.

"अगं, निघ की!"

"आता कशी निघू बाबा? पहिलं अंडं आलं."

सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. मग पेंग्विननं हर्षानं पंख आपटले.

"चषक साळुंकीचा, टाका माकडाचा, अंडं शिंपिणीचं! पुढच्या वर्षीचा खटला मिळाला! वर्षभर या चषकाला कुणी हात लावायचा नाही."

"वर्ष कशाला?" आतून आवाज आला. "पिलं उडेपर्यंत पुरे."

तात्पर्य: न्यायालयात जाताना वकील नेला नाही तरी चालेल; कापूस मात्र विसरू नये.