दत्तूआण्णांची पकड

सतरा ऑगस्ट, रविवार. सकाळी रहाटणीच्या आमच्या सोसायटीत डासांबद्दल सभा. हजर एकवीस. विषय होता टाक्यांच्या झाकणांचा, पण दत्तूआण्णांनी उठून वेलक्रोसाठी चारशे ऐंशी रुपये मागितले. मी खजिनदार. वेलक्रो कोणत्या खात्यात टाकायचं ते मला कळेना.

आण्णांनी चाकणच्या कंपनीत बत्तीस वर्षं फिक्श्चर बनवली. म्हणजे मशीन चालू असताना वस्तू हलू नये म्हणून तिला आवळून धरणारी चौकट. आता रिटायर झालेत, पण जिन्याचा कठडा, लोणच्याची बरणी, जावयाचा हात, सगळं हलवून बघतात. "पकड कुठंय, राव?"

सभेच्या आधीच्याच आठवड्यात सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मलेरिया झाला. डॉक्टरांनी सांगितलं, परजीवीच्या अंगावरची प्रथिनं आपल्या तांबड्या पेशीला धरतात, मग तो आत शिरतो. आण्णांनी डॉक्टरांना अर्धा तास सोडलं नाही. घरी येताना मला जिन्यातच गाठलं. "अहो, ही तर आमचीच पद्धत हाय. आधी ढिलं धरायचं, मग टोक वळवून बसवायचं, मग आवळायचं."

गोळ्या चौदा दिवसांच्या, रोज एक. ताप तिसऱ्याच दिवशी उतरला. शनिवारी चौथी गोळी घेऊन वहिनी म्हणाल्या, "पोटात ढवळतंय. उद्यापास्नं बंद." आण्णांनी समजावलं, चिडले, मग पार्किंगमध्ये जाऊन ठोकाठोक करत बसले.

ती ठोकाठोक त्यांनी सभेत आणली. लाल रबरी चेंडू ही पेशी. पेरूएवढा लाकडी ठोकळा हा परजीवी. दोघांना वेलक्रो. "ह्याचे काही भाऊबंद यकृताच्या पेशीत लपून बसत्यात. ताप न्हाई म्हणजे ते न्हाईत असं न्हाई. निघाले की पुन्हा हितं." बोलताना नजर मागच्या खुर्चीवर, वहिनींकडे. टेकवला, वळवला, दाबला. "आता गोळी घेतली की बघा."

ओढला. सुटेना. मी ओढला, सेक्रेटरींनी ओढला.

"आण्णा, गोळीपेक्षा किडाच भारी दिसतोय," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. आण्णा खाली बसले. बत्तीस वर्षं त्यांनी न सुटणाऱ्याच वस्तू केल्या होत्या.

वहिनी उठल्या. चेंडू मांडीवर घेतला आणि कडेला नख घातलं. "ओढत्यात व्हय असं? दमानं घ्यायचं." चर्र चर्र करत, बोटबोटभर, ठोकळा सुटला. तो त्यांनी आण्णांच्या हातात दिला. "रोज एक. दहाच राहिल्यात न्हवं?" आणि पदराच्या गाठीतून पाचवी गोळी काढून सगळ्यांसमोर घेतली. टाळ्या पडल्या. त्या सभेत एवढा एकच ठराव एकमताने झाला.

सव्वीस तारखेला आण्णा रिकामं पाकीट घेऊन माझ्याकडे आले. एकही गोळी शिल्लक नव्हती, मी मोजून पाहिलं. सोबत वहिनी. मी वेलक्रोचं व्हाउचर काढलं.

"नाव हिचं घाला," आण्णा म्हणाले. "सोडवलं हिनं."

वहिनी सही करताना हळूच म्हणाल्या, "थंडी भरली तवा हे माझे पाय धरून बसले होते, भाऊ. मी म्हटलं, घट्ट धरा की. तर म्हणाले, ढिलंच बरं, तुला लागंल."

आण्णा माझा दरवाजा हलवून बघत होते.

दिले रुपये चारशे ऐंशी. घेणार, सुमन दत्तू शिंदे.