अकरा ओळींची फाइल

"कोड म्हणजे कपाट! उघडल्या उघडल्या अंगावर कोसळता कामा नये," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. ऑफिसात त्याला सगळे टापटीप म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे. कोड लिहायच्या एडिटरमध्ये प्रत्येक विभागाच्या कडेला एक इवलासा बाण असतो. तो दाबला की शेकडो ओळी मिटतात, नुसतं शीर्षक उरतं. टापटीपची तीन हजार ओळींची फाइल अशी मिटून अकरा शीर्षकांत मावायची!

त्या दिवशी बारा वाजता दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, त्यांच्या दवाखान्यासाठी त्यानं केलेला अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम बघायला. त्यांना पसंत पडला तर टापटीपची नोकरी कायम, नाही तर महिनाअखेरीला नारळ.

सकाळी फाइलवरून मायेनं नजर फिरवताना त्याला दोन शीर्षकं सारखीच दिसली. 'चौकशी' आणि 'चौकशी नवी'. पहिलं जुनं, म्हणजे रिकामंच असणार! मिटलं की भरलेलं काय आणि रिकामं काय, दिसायला सारखंच. उघडून बघायला काय झालं होतं? पण उघडलं की पसारा दिसतो ना! त्यानं ती ओळ उडवली, फाइल सेव्ह केली, एडिटर बंद केला, गिऱ्हाइकाआधी प्रत्येक प्रोग्रॅम चालवून बघणाऱ्या ऑफिसातल्या तपासनीस बाईंसाठी तो चालू करून ठेवला आणि हात झटकून चहाला गेला.

परत येतो तर तपासनीस बाई त्याच्याच खुर्चीत, कपाळाला आठ्या घालून.

"अहो, हा प्रोग्रॅम रुग्णाचं नाव घेतो आणि थेट वेळ देऊन मोकळा होतो. तुमची चौकशी कुठे गेली?"

टापटीपच्या पायाखालची जमीन सरकली. चौकशी म्हणजे त्याची तीन आठवड्यांची तपश्चर्या! वेळ देण्याआधी रुग्णाला सत्तेचाळीस प्रश्न, दाढ कधीपासून दुखते इथपासून उशी किती उंच घेता इथपर्यंत.

"बाई, माझ्या फाइलला हात लावलात?"

"मी? तुमच्या माउसला हात लावायचा तर आधी साबणानं धुऊन यावं लागतं!"

त्यानं एडिटर उघडला आणि दिसेल तो बाण दाबत सुटला. 'चौकशी नवी' उघडली. आत काही नाही, पुढे कधीतरी भरायचं म्हणून नुसतं शीर्षक टाकून ठेवलेलं! म्हणजे सकाळी उडवलेली ती एक ओळ पोटात आठशे ओळी घेऊन गेली होती.

"ऑफिसच्या सामायिक साठ्यात कोडची एक प्रत टाकली असेल की," बाई म्हणाल्या.

"नाही. नीटनेटकं झाल्यावरच टाकणार होतो."

बाई खुर्चीतून उठल्या.

"माफ करा बाई, उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"ते राहू द्या. आधी घाम पुसा, त्या आल्या बघा."

डॉक्टरीणबाई साहेबांसोबत येऊन बसल्या. त्यांनी एक नाव टाकलं. वेळ मिळाली.

"झालं?"

"झालं," टापटीप जमिनीकडे बघत म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच..."

"अहो, सुटले मी!" त्या साहेबांकडे वळल्या. "मागच्या खेपेला वीस प्रश्न होते! दाढ ठणकत असताना माणूस उशीची उंची सांगत बसेल का? तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, ते काढा. वाटलं नव्हतं ऐकतील म्हणून."

म्हटलं होतं खरं. पण टापटीपनं त्याचा अर्थ असा लावला होता, की वीस प्रश्नांनी डॉक्टरीणबाईंचं समाधान झालेलं दिसत नाही, आणि वीसाचे सत्तेचाळीस केले होते.

साहेबांनी पाठीवर थाप मारली. "कायम झालास! स्वतः लिहिलेलं काढून टाकायला छाती लागते. कसं सुचलं रे?"

नोकरी राहिली म्हणून त्याला हायसं वाटत होतं, आणि तीन आठवडे जिवापाड मांडलेलं कुणाला नकोच होतं म्हणून वाईटही वाटत होतं. पलीकडून तपासनीस बाई एकटक बघत होत्या.

"फार विचार केला, साहेब," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. विचार फक्त काढून टाकल्यानंतर केला होता!